रोबोटिक्स शिकायचं, पण रोबोटशिवाय?

न्हावा-शेवा बंदर 1989 साली सुरू झालं. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यातच लोणेरे इथं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची स्थापना झाली. आज राज्यभरातली अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयं त्याला संलग्न आहेत. त्यामुळे रोबोटिक्सचा पाया कसा शिकवायचा, हा प्रश्न एका कॅम्पसपुरता उरत नाही.

या विषयाची सुरुवात अनेकदा रेषेवरून चालणाऱ्या रोबोटपासून होते. तत्त्व सोपं आहे. पांढरा भाग जास्त प्रकाश परावर्तित करतो, काळा कमी. सेन्सर हा फरक टिपतो आणि कंट्रोलर चाकांचा वेग बदलतो.

मग अडचण कुठे येते?

खिडकीतून ऊन आलं की सेन्सरचे आकडे बदलतात. बॅटरी उतरली की वेग मंदावतो. कॉम्प्युटरवर अचूक चाललेला प्रोग्रॅम जमिनीवर भरकटतो. तो का भरकटला हे शोधणं, हेच खरं शिक्षण. आयआयटी मुंबईच्या 'ई-यंत्र' उपक्रमानं म्हणूनच महाविद्यालयांत लॅब उभारण्यावर आणि प्राध्यापकांच्या प्रशिक्षणावर भर दिला.

स्वतःचं किट विकत घेणं प्रत्येकाला परवडत नाही. अशा विद्यार्थ्यासाठी कॉलेजची लॅब हाच एकमेव मार्ग असतो. म्हणून प्रवेश घेताना अभ्यासक्रमाच्या नावाबरोबर आणखी एक गोष्ट विचारायला हवी : किती विद्यार्थ्यांमागे एक रोबोट आहे?