‘डिप्रेस्ड’ : एका विशेषणाविषयी

आमच्या वसतिगृहातील मुले अलीकडे एक इंग्रजी विशेषण सर्रास वापरतात : ‘डिप्रेस्ड’. चाचणीत गुण कमी पडले, घरून फोन आला नाही, फार काय, खिचडी करपली, तरी मुले डिप्रेस्ड होतात. या शब्दाची त्यांच्या आजोबा-पणजोबांशी जुनी ओळख आहे, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसते.

इंग्रजीत ‘प्रेस’ म्हणजे दाबणे आणि ‘डिप्रेस्ड’ म्हणजे खाली दाबलेला. दाबणारे काहीतरी, कोणीतरी असल्याखेरीज हे विशेषण सिद्धच होत नाही. ‘दल्’ धातूपासून आलेल्या ‘दलित’ शब्दाची घडणही अशीच. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये मुंबईत ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ स्थापन केले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी जी संस्था काढली, तिचे नावही ‘डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी’. तरी बाबासाहेबांना हा शब्द रुचत नव्हता. १९३२ मध्ये मताधिकार समितीपुढे त्यांनी तो अपमानकारक ठरविला. त्यातून हा समाज हीन आणि असहाय असल्याचा ग्रह होतो, असा त्यांचा आक्षेप होता. १९३५ च्या कायद्यात ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ हे नाव आले. १९४५ मध्ये बाबासाहेबांनी नवी शिक्षणसंस्था काढली, तेव्हा तिच्या नावात फक्त ‘पीपल्स’ होते!

आज डॉक्टर याच शब्दाने मनाचा एक खरा आजार ओळखतात, आणि त्यावर उपचार आहेत. म्हणूनच करपलेल्या खिचडीसाठी तो खर्ची घालू नये, असे आम्ही मुलांना सांगतो. परंतु वडीलधाऱ्यांना आमचे सांगणे अधिक आग्रहाचे आहे. मूल हा शब्द उच्चारते तेव्हा ‘मन खंबीर कर’ म्हणून त्याची बोळवण करू नका. काय झाले, कोणी केले, हे विचारा. आजार असेल तर डॉक्टरांकडे न्या. मात्र कधी कधी दाबणाऱ्याला चेहरा असतो.

आमचीच चूक येथे नोंदवितो. नववीतील एक मुलगा वक्तृत्व स्पर्धेहून परतला आणि जेवेनासा झाला. विचारले तर म्हणाला, ‘डिप्रेस्ड आहे.’ आम्ही हसलो. तीन दिवसांनी कळले, की यजमान शाळेत शेजारच्या स्पर्धकाने त्याचे आडनाव विचारले होते आणि ऐकताच बाक बदलला होता. त्या शाळेला आम्ही पत्र लिहिले. उत्तर अद्याप आलेले नाही.