दांड्या पूर्ण, पण इंटरनेट गायब



आमच्या शेजारच्या मुलीला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. शेवटचा दिवस. मोबाईलवर वायफायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या, पण पान काही उघडेना. वडील रोजंदारीवर काम करतात. ते धावतपळत कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "राउटर गेला, नवा घ्या. दोन हजार पडतील." दोन हजार म्हणजे किती दिवसांची मजुरी, हे आपल्याला सांगायला नको. मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, तुम्ही एकदा बघा ना."

पाहिले तर भिंतीवरच्या पेटीवर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल झालेला. याचा अर्थ, बाहेरून काचेच्या तारेतून येणारा प्रकाशाचा संकेत पेटीपर्यंत पोचत नाही. बहुतेक वेळा दोष तारेत असतो आणि ती दुरुस्त करणे कंपनीचे काम. तक्रार नोंदवली. अर्ज माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून भरून टाकला. दुसऱ्या दिवशी माणूस आला, जिन्यातली तुटलेली तार जोडून गेला. खर्च शून्य.

म्हणून हे शब्द घरात सर्वांना माहीत हवेत. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. वायफाय हा पेटीपासून मोबाईलपर्यंतचाच बिनतारी रस्ता. नळाला पाणी आले नाही तर तोटी बदलून काय उपयोग? दांड्या तोटीची खबर देतात, पाण्याची नाही.

राउटर म्हणजे आलेले इंटरनेट घरातल्या सर्व मोबाईल-संगणकांना वाटून देणारी पेटी. प्रत्येकाला ती एक आकडा देते, १९२.१६८.१.५ असा काहीसा. हा आयपी पत्ता. चाळीचा पत्ता एकच, आत खोल्यांचे नंबर वेगळे, तसेच हे. बाहेरच्या जगाला सहसा फक्त चाळीचा पत्ता दिसतो. कुठल्या खोलीचे टपाल कुठे द्यायचे ते राउटर लक्षात ठेवतो. असे करावे लागले, कारण चार आकड्यांच्या या पद्धतीत एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी. जगातली माणसे आज ८०० कोटींच्या वर. मध्यवर्ती साठ्यातले पत्ते २०११ सालीच वाटून संपले. आता आयपीव्ही६ नावाची लांब पत्त्यांची नवी पद्धतही चालू आहे.

एवढे आकडे कोण पाठ करणार? म्हणून आपण नाव टाईप करतो आणि डीएनएस त्या नावाचा आकडा शोधून देतो. १९८३ साली ही सोय निघाली. त्याआधी साऱ्या नावांची एकच यादी अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेत ठेवलेली असे, आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत!

वेगाच्या जाहिरातीतही मेख आहे. '४० एमबीपीएस' यातला बी म्हणजे बिट. फाईल मोजतात बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे सेकंदाला फार तर ५ मेगाबाइट. मुलगा म्हणाला, "चाळीस सांगून पाचच देतात", तर ती लबाडी नव्हे, हिशेब आहे. पाचाचे एक झाले तर मात्र तक्रार करा.

आता कचेरीत आणि रेशन दुकानात रोज कानावर पडणारा शब्द: 'सर्व्हर डाऊन'. सर्व्हर म्हणजे माहिती साठवून मागेल त्याला पुरवणारा दूरवरचा संगणक. तो खरोखर बंद पडतो, गर्दीने दमतोही. पण कधी कधी गेलेले असते ते खिडकीतल्याच मशीनचे कनेक्शन. तेव्हा नम्रपणे विचारा, "साहेब, त्याच मशीनवर दुसरी एखादी साईट उघडते का?" उघडत असेल तर कनेक्शन शाबूत आहे, अडचण बहुधा पलीकडे, थांबावेच लागेल. काहीच उघडत नसेल तर अडचण इथलीच. मग दुसऱ्या केंद्रावर जाऊन पाहा, तिथे काम होऊ शकते. आणि अर्जाची मुदत संपत आली असेल, तर पडद्यावर दिसणाऱ्या संदेशाचा तारीख-वेळेसह फोटो काढून ठेवा.

पुढील अंकात पासवर्ड आणि ओटीपीविषयी.