तेलाच्या गावी हवामानाची चर्चा

३० नोव्हेंबर २०२३ ला दुबईत अठ्ठाविसावी जागतिक हवामान परिषद सुरू झाली. अध्यक्ष सुलतान अल जाबेर, म्हणजे अबुधाबीच्या सरकारी तेल कंपनीचेच प्रमुख! जगभर थट्टा झाली, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती.

माझे मामा बरीच वर्षे तेथे नोकरीला आहेत. त्या आठवड्यात तेथील राष्ट्रीय दिनाची सुटी होती. एक दिवस त्यांनी परिषदेच्या सर्वांना खुल्या असलेल्या भागात भाषणे ऐकली, दुसऱ्या दिवशी मित्रांबरोबर फुजैराचा किनारा गाठला. डुंबताना पाहतात तो समोर तेलवाहू जहाजांची रांग! होर्मुझची सामुद्रधुनी टाळून अबुधाबीचे तेल २०१२ पासून नळाने थेट फुजैराला येते. मामा हा किस्सा रंगवून सांगतात. घरचे सगळे हसतात.

मला मात्र हसू येत नाही. गुहागरचे आमचे घर चिरेबंदी झाले ते मामांच्या पगारावर. माझी फीदेखील त्यातूनच भरली जाते. १३ डिसेंबरला परिषदेने खनिज इंधनांपासून दूर जाण्याचे आवाहन केले. पहिली परिषद १९९५ ची. तेव्हापासून इतके स्पष्ट शब्द ठरावात प्रथमच आले. ते यायलाच हवे होते. ठरावात ‘न्याय्य’ हा शब्दही आहे. पण न्याय कोणाला? अमिराती आपल्या नागरिकांची सोय पाहतील. तेथे राबणाऱ्या परक्या कारकुनाचे, गवंड्याचे काय? आपल्या प्रतिनिधींनी हा प्रश्न परिषदेत मांडला पाहिजे. कोकणातल्या किती चुली आखातावर पेटतात, हे त्यांना कोणी सांगायला नको.