पेशंटला कुठे न्यायचं?

आमच्या सिंधुदुर्गात घरातलं माणूस गंभीर आजारी पडलं की आजाराचं नाव कळायच्या आत प्रश्न उभा राहतो: "खंय व्हरूचा?" ओरोसला, पडव्याला, कोल्हापूरला, बेळगावला, मुंबईला की बांबोळीला? घरातलं कोणी परदेशात असलं तर तिकडूनही फोन येतो, "मी तिकीट काढतो, इकडेच घेऊन या." जमलेले सगळे मायेनेच बोलत असतात, पण प्रत्येकाच्या तोंडी गाव वेगळं.

गोव्यातली बांबोळी आम्हाला परराज्य वाटतच नाही. १८४२ साली पणजीत पोर्तुगीजांनी वैद्यकीय शाळा काढली, तिचाच वारसा आजचं बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज चालवतं. दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ल्याची माणसं पिढ्यान् पिढ्या तिथे बरी होऊन आली. जानेवारी २०१८ पासून गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावायचं ठरवलं, तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले. त्या रागामागे खरं दुखणं होतं. आपल्या जिवाची सोय शेजारच्या राज्याच्या निर्णयावर टांगलेली आहे, हे त्या दिवसांत सगळ्यांना लख्ख दिसलं.

कुठे न्यायचं, असं कोणी विचारलं की मी आता आधी हे विचारतो: हातात वेळ किती आहे?

अर्धांगाच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन हवा. मालवणातून बांबोळी शंभर किलोमीटरच्या वर. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, की कोणाला कळवायचं आणि कोणाची गाडी मिळते यातच पहिला तास जातो. अशा वेळी १०८ ला फोन करावा, झटका किती वाजता आला ते कागदावर लिहावं आणि सीटी स्कॅन चालू असलेलं सगळ्यात जवळचं रुग्णालय गाठावं. फुरसं किंवा घोणस चावली तरी तेच. सापाच्या विषावरची लस जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आधी सुरू व्हायला हवी. पुढे हलवायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. ती लस न घेता थेट गोव्याची वाट धरणं जिवावर बेतू शकतं.

ज्या आजारात विचाराला चार दिवस मिळतात, तिथे मात्र ते चार दिवस नीट वापरले पाहिजेत. आमच्या वाडीतल्या एका काकांना तोंडाचा कॅन्सर निघाला. होडी त्यांची स्वतःची, हंगाम तोंडावर आलेला. घरच्यांनी ग्रामदेवतेला कौल लावला, उजवा कौल झाला आणि घराला धीर आला. तो धीर फार मोलाचा असतो, मी तो डोळ्यांनी पाहिला आहे. पण ऑपरेशन कुठे, खर्च किती, मागे कोण राहणार, याची उत्तरं माणसांनाच शोधायची होती.

काकूंनी ओसरीवर प्लॅस्टिकची पिशवी आणून रिकामी केली. तीन लॅबचे रिपोर्ट, एकावर आडनाव चुकलेलं. एक्स-रे दुमडलेला. बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक तर लॅबमध्येच राहिलेले. परळच्या टाटा हॉस्पिटलात गेलं की तिथले डॉक्टर त्या स्लाइड आणि ब्लॉक स्वतः तपासायला मागतात. ते नसले तर फेरी फुकट जाते. पुतण्या दुसऱ्याच दिवशी जाऊन दोन्ही घेऊन आला.

लंडनहून भाच्याचा फोन आलाच होता. त्याची माया खरी होती. पण ब्रिटनमध्ये भेटीच्या व्हिसावर आलेल्या माणसाला सरकारी रुग्णालयातही ठरलेल्या दराच्या दीडपट बिल भरावं लागतं, आणि आधीपासूनचा आजार प्रवास विम्यात बहुधा बसत नाही. शिवाय काकांच्या आजारावरचं जे ऑपरेशन तिथे होणार, तेच परळला रोज होतं. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, असं सहा आठवडे चालणार होतं. इतके दिवस परक्या देशात, परक्या भाषेत काकू कशा राहिल्या असत्या?

शेवटी असं ठरलं: ऑपरेशन परळला, रेडिएशन कोल्हापूरला. हे करता येतं हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. टाटाच्या पुढाकाराने २०१२ साली नॅशनल कॅन्सर ग्रिड उभं राहिलं, ते देशभरच्या केंद्रांत उपचार एकाच पद्धतीने व्हावेत म्हणूनच. त्यामुळे मोठ्या ठिकाणच्या डॉक्टरला बेधडक विचारावं, "पुढचे उपचार आमच्या जवळ कुठे घेता येतील?"

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचं उदाहरण आपल्या शेजारचंच. २०१८ मध्ये ते उपचारांसाठी न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात गेले, दिल्लीच्या एम्समध्ये राहिले, बांबोळीतही उपचार घेतले आणि १७ मार्च २०१९ ला गोव्यात आपल्या घरीच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. मुख्यमंत्र्यालाही शेवटी जवळचे डॉक्टर आणि आपलं घर लागलं. परदेशात जावंच लागतं असे काही आजार, काही नव्या चाचण्या आहेत, हे मला मान्य आहे. पण तिथे असं काय मिळणार जे मुंबईत मिळत नाही, हे तुमच्या डॉक्टरने एका वाक्यात सांगितलं पाहिजे.

लांबचं ते चांगलं, ही समजूत कोकणानेच खोटी ठरवलेली आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण रात्र रात्र जागून तपासले आणि प्राझोसिन हे औषध कामी येतं हे दाखवून दिलं. 'लॅन्सेट'ने त्यांचं काम छापलं. जिथे दंश झालेली दहातली चार माणसं दगावत, तिथे आता शंभरात एखादंच जातं. आपल्या रुग्णाजवळ बसणारा, नोंदी ठेवणारा डॉक्टर मिळाला, तर गावही मोठ्या उपचाराचं ठिकाण होतं.

ओरोसला २०२१ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, म्हणून मला मनापासून आनंद झाला होता. आता तिथे मेंदूचे, हृदयाचे, कॅन्सरचे तज्ज्ञ मुक्कामाला राहिले पाहिजेत, त्यांना घरं आणि यंत्रं मिळाली पाहिजेत. मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे, आणि तो विचारलाच पाहिजे. बांबोळीला किंवा परदेशाला जाणं ही आपली निवड असावी, नाइलाज नसावा.

तोवर या रविवारी एवढं करा. घरातल्या प्रत्येकाची एक फाइल करा: रक्तगट, चालू गोळ्या, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे, रेशनकार्ड आणि आधारची प्रत, कारण महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी ती लागतेच. वरच्या पानावर जवळच्या रुग्णालयाचा नंबर लिहा. आणि घरातला कोण रुग्णाबरोबर जाईल, कोण मागे राहील, हे सगळे धडधाकट असतानाच ठरवून टाका.