फोनवरही एफ/१.८, लेन्सवरही एफ/१.८, मग ‘ब्लर’मध्ये एवढा फरक का?

मोबाइलच्या जाहिरातीत कॅमेऱ्यापुढे ‘एफ/१.८’ असं लिहिलेलं असतं. ५० मिमीच्या साध्या लेन्सवरही हाच आकडा असतो. तरी रात्रीच्या फोटोत लेन्समधून मागचे दिवे मोठे गोल दिसतात आणि फोनमधून नुसते ठिपके. असं का?

कारण हा आकडा म्हणजे भोकाचं माप नाही, तो भागाकार आहे. लेन्सच्या फोकल लेंग्थला त्याने भागलं की भोकाचा व्यास मिळतो. ५० भागिले १.८ म्हणजे सुमारे २८ मिमी. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंग्थ ६-७ मिमीच असते. म्हणजे भोक जेमतेम ४ मिमी.

खूप दूरचा दिवा चेहऱ्याशेजारी साधारण या भोकाएवढाच पसरतो. लेन्समध्ये तो दहा रुपयांच्या नाण्याएवढा, फोनमध्ये ज्वारीच्या दाण्याएवढा.

ही उणीव फोन सॉफ्टवेअरने भरून काढतो. ॲपलने २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसवर दोन लेन्सच्या मदतीने पोर्ट्रेट मोड आणला. २०१७ मध्ये गुगलच्या पिक्सेल २ ने मागच्या एकाच कॅमेऱ्यावर तो करून दाखवला. पण माणूस कुठे संपतो, हा शेवटी सॉफ्टवेअरचा अंदाज असतो. म्हणून कधी भुरभुरणारे केस, कधी चष्म्याची काडी, कधी गजऱ्याची कडा पुसली जाते.

मग लेन्स घ्यायची का?

कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ लेन्स असेल, तर आधी ती ५५ वर न्या, माणसाला भिंतीपासून लांब उभं करा आणि तुम्ही जवळ जा. इथे भोक सुमारे १० मिमी, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं असतं. तेवढ्याने भागलं नाही, तर ५० मिमी एफ/१.८ घ्या. ८५ मिमी एफ/१.८ चं भोक ४७ मिमी असतं, पण घरातल्या खोलीत मागे सरकायला जागा पुरत नाही.

जुनी लेन्स घेताना ऑटोफोकस तपासा. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकस मोटर नसते, त्यामुळे ‘एएफ-डी’ लेन्सवर फोकस हाताने करावा लागतो.

आणि ग्रुप फोटोला १.८ नको, ५.६ ठेवा. नाहीतर पुढची रांग स्पष्ट येईल आणि मागे उभे असलेले आजी-आजोबाच ‘ब्लर’ होतील.

फोटो फक्त स्टेटसवर जाणार असेल, तर फोन पुरेसा आहे. तो मोठा छापून भिंतीवर लावायचा असेल, तर लेन्सचे पैसे वाया जात नाहीत.