गुलामीची नाणी का जपावीत?

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या पेटीत एखादा राणीछाप रुपया किंवा भोकाचा पैसा असेल. तो हाती लागला, की घरात दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, "चांदी आहे, सराफाला देऊन टाका." कोणी म्हणतात, "इंग्रज गेले, मग त्यांची नाणी कशाला जपायची? ती तर आपल्या गुलामीची खूण!" मला ही दोन्ही मते पटत नाहीत.

पहिले मत पाहू. १८३५ सालच्या कायद्याने कंपनीच्या रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम ठरले. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. म्हणून सराफ तो आनंदाने घेतो आणि वितळवतो. पण चांदी बाजारात केव्हाही मिळते; वितळलेले नाणे पुन्हा मिळत नाही.

आता दुसरे मत. ही नाणी परक्या सत्तेची आहेत, हे सोळा आणे खरे. परंतु ती सत्ता कशी आली, हे तीच नाणी सांगतात. १७६५ मध्ये कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली. महसूल कंपनीच्या हाती गेला. तरीही तिच्या बंगालच्या रुपयावर फारसीत नाव होते ते बादशहा शाह आलम यांचे! त्यावर 'सन १९ जुलूस' असे कोरलेले असे. उर्दूत आपण जुलूस म्हणजे मिरवणूक म्हणतो. नाण्यावर त्याचा अर्थ तख्तावर बसणे असा आहे. शाह आलम १८०६ मध्ये वारले, तरी त्यांच्या नावाची व त्याच एकोणिसाव्या वर्षाची नाणी १८३५ पर्यंत पडत राहिली. लोकांचा विश्वास बादशहाच्या नावावर होता आणि कंपनीला तो विश्वास हवा होता. नाव एकाचे, राज्य दुसऱ्याचे! याहून स्पष्ट पुरावा कोणता?

पुढची नाणी ओळीने मांडा. १८३५ च्या रुपयावर बादशहाचे नाव नाही. तेथे इंग्लंडचा राजा चौथा विल्यम आहे आणि मागे कंपनीचे नाव आहे. १८४० च्या रुपयावर राणी व्हिक्टोरिया आली. १८६२ च्या रुपयावरून कंपनीचे नावही गेले, कारण १८५७ च्या उठावानंतर, १८५८ मध्ये, कंपनीचे राज्य संपले होते. १८७७ पासून राणीची 'सम्राज्ञी' झाली. १९४० मध्ये, महायुद्धाच्या काळात, रुपयातील चांदी निम्म्यावर आली. १९४३ मध्ये तांबे वाचवण्यासाठी पैशाला भोक पाडले गेले. युद्ध दूर देशांत चालले होते, पण त्याची झळ आपल्या खिशातील पैशालाही लागली.

आपले लोकही नाणी डोळे मिटून घेत नव्हते. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या गळ्यातील साखळीत छोटा हत्ती होता. लोकांना तो डुकरासारखा दिसला. ओरड झाली आणि १९१२ मध्ये सरकारला ते चित्र सुधारावे लागले. ज्यांना मतदानाचा हक्क नव्हता, त्यांनी एवढ्याशा चित्रावरून सरकारला नमवले!

मित्रांनो, या कामात तुमची एक मोठी सोय आहे. कंपनीच्या जुन्या रुपयावरील अक्षरे इतर अनेकांना नक्षीसारखी दिसतात. तुम्ही मात्र त्यांतील 'शाह आलम', 'बादशाह', 'जर्ब' हे शब्द थोड्या सरावाने ओळखू शकाल. पुढे इंग्रज राजांच्या रुपयांवरही 'यक रुपया' हे शब्द तुमच्याच लिपीत राहिले. जे वाचता येते, ते जपण्याची जबाबदारीही वाचणाऱ्यावर येते.

त्यासाठी श्रीमंत असण्याची गरज नाही. घरातील नाणे चिंच किंवा राख लावून घासू नका, अक्षरे झिजतात. ते कागदाच्या पाकिटात ठेवा आणि ते कोणाकडून आले, ते पाकिटावर लिहा. बाजारात फसू नका. १८१८ साल आणि रामदरबाराचे चित्र असलेला 'कंपनीचा अर्धा आणा' मोठ्या किमतीला विकला जातो. कंपनीने असे नाणे कधी पाडलेच नाही. आणि जमिनीत पुरलेली नाणी सापडली, तर ती लपवू नका. १८७८ च्या कायद्यानुसार, दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

गुलामीची खूण वितळवल्याने गुलामी इतिहासातून पुसली जात नाही; फक्त तिचा पुरावा जातो. म्हणून आज घरी गेल्यावर ते जुने नाणे मागून घ्या आणि त्याची किंमत विचारण्याआधी त्यावर काय लिहिले आहे, ते वाचा.