नियम घेणारी मुलं मोजून काय होणार?



व्यसनमुक्तीचं शिबिर झालं की आपल्या ग्रुपवर एकच आकडा फिरतो: इतक्या मुलांनी नियम घेतला. फोटो, प्रमाणपत्रं, शेवटी नाश्ता. वर्षभराने त्यातल्या किती जणांच्या खिशात माव्याची पुडी होती, हे कुणी विचारत नाही. विचारणारी बाई शंकेखोर ठरते. ठरू दे.

अमेरिकेत 1983 मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी शाळांसाठी ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम काढला. गणवेशातला पोलीस पाचवी-सहावीच्या वर्गात येऊन अमली पदार्थांचे धोके सांगायचा, ‘नाही’ म्हणायला शिकवायचा. पालक खूश, शिक्षक खूश. कार्यक्रम देशभर पसरला. मग अभ्यासकांनी तो शिकलेली आणि न शिकलेली मुलं शेजारी ठेवून पाहिली. 1999 मध्ये छापलेल्या एका पाहणीत दहा वर्षांनंतर दोघांत फरक सापडला नाही. 2003 मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखातपासणी कार्यालयाने असे सहा दीर्घ अभ्यास पाहिले, निष्कर्ष तोच. वीस वर्षं सगळ्यांना छान वाटत होतं, एवढंच!

“एक मूल वाचलं तरी पुण्य,” असं मला ऐकवलं जातं. पण ते शिबिरामुळे वाचलं, हे कसं कळलं? आपल्या शिबिराला येतात ती बहुतेक पाठशाळेतलीच मुलं, कांदा-लसूणसुद्धा न खाणारी. ज्याची काळजी करायची तो त्या वेळी टपरीवर असतो. सप्तव्यसनांचा त्याग शिकवावाच, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण प्रतिक्रमणात आपण रोज स्वतःच्या दोषांचा हिशेब घेतो. मग शिबिराचा हिशेब मागितला की राग का?

आइसलँडमध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना नाव न विचारता नियमितपणे विचारतात. गेल्या महिन्यात दारूची नशा केली, असं 1998 मध्ये 42 टक्के सांगत. 2016 मध्ये 5 टक्के. श्रेय खेळाच्या वर्गांना, पालकांना की रात्री बाहेर राहण्यावरच्या बंधनाला, यावर वाद घाला खुशाल. वाद घालायला त्यांच्याकडे आकडे तरी आहेत.

पुढच्या शिबिराआधी कोऱ्या चिठ्ठ्या वाटा, नाव नको. तोच प्रश्न वर्षाने पुन्हा विचारा, आणि शिबिर न झालेल्या एखाद्या वर्गालाही विचारा. चिठ्ठ्या गोळा करायला मात्र आई नको आणि पाठशाळेच्या ताईही नकोत. त्या अक्षर ओळखतात.